जत्रेतलं खाजं घरी केलं की चिकट का होतं?

सांजवात | १२ जानेवारी, रात्री १०.१४

नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव मालवण तालुक्यात, मसुरेच्या बाजूला. लहानपणी आंगणेवाडीच्या जत्रेहून बाबा परत आले की पिशवीत खाज्याचा पुडा असायचाच. जाडसर बेसनाच्या कांड्या, वर गुळाचा खरखरीत थर आणि खाताना सुंठीचा तो घशापर्यंत जाणारा तिखटपणा. आता आम्ही पुण्यात. आत्या आमच्याकडे असते, ७८ वर्षांची आहे. परवा तिने विचारलं, "यंदा खाजां कोणीच नाय हाडल्यान?" तेव्हापासून मी दोनदा करून बघितलं आणि दोन्ही वेळा फसलं.

पहिल्या वेळी दोन तासांनी सगळं चिकट झालं, बोटांना गूळ लागत होता. दुसऱ्या वेळी उलटं झालं: सगळ्या कांड्या एकमेकींना चिकटून काचेसारखा एकच ढेकूळ. बत्त्याने फोडावा लागला.

प्रमाण: बेसन २५० ग्रॅम, तेलाचं मोहन ३ चमचे, हळद, मीठ. गूळ २५० ग्रॅम, पाणी अर्धी वाटी, आल्याचा रस २ चमचे. कुठे चुकतंय ते कृपया सांगा. आत्याला कवळी आहे, त्यामुळे फार टणकही नको.

देवगडचा_हापूस | १२ जानेवारी, रात्री १०.४०

ताई, गूळ कोणता घेतला होता? आणि शेव गरम असताना पाकात टाकली की गार करून?

सांजवात | १२ जानेवारी, रात्री १०.५२

पहिल्या वेळी साधा गूळ, दुसऱ्या वेळी चिक्कीचा. दोन्ही वेळा शेव गरमच होती. वाटलं, गरम असताना पाक चांगला मुरेल. आणि हो, पहिल्या पाकात लिंबाचे चार-पाच थेंब घातले होते. पाकात लिंबू घालतात असं डोक्यात होतं.

मूलद्रव्य | १२ जानेवारी, रात्री ११.३१

तुमच्या चुका नेमक्या सापडल्या. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, आणि पाक हा माझा वर्गात सांगायचा आवडता विषय आहे, म्हणून थोडं लांबलं तरी चालवून घ्या.

जिलेबीच्या पाकात लिंबू घालतात कारण तिथे साखरेचे कण पुन्हा धरायला नको असतात. आम्लामुळे काही साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि ही दोघं मधे आली की साखरेचे रेणू एकमेकांना धरून रांगेत बसू शकत नाहीत. पाक पातळ आणि चकचकीत राहतो. खाज्यात आपल्याला बरोबर उलटं हवंय. तिथे कणी धरायलाच हवी. जत्रेतल्या खाज्यावर दिसतो तो पांढुरका, खरखरीत थर म्हणजे गुळातल्या साखरेचे बारीक कण. लिंबू घातलंत तिथेच पहिला घाणा बिघडला.

गुळात मुळातच थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं, म्हणून तो साखरेइतका पटकन कणी धरत नाही. जुना, मऊ पडलेला, चिकट गूळ तर फारच कमी. चिक्कीच्या गुळाचं कामच कणी न धरता काचेसारखं घट्ट होणं. दुसरा घाणा त्याने घालवला. साधा, रवाळ, हातात कुस्करला की भुगा होणारा गूळ घ्या आणि त्यात पाव हिस्सा साखर मिसळा. साखर कणी धरायला सुरुवात करते आणि गूळ मागोमाग येतो.

तिसरं म्हणजे वाफ. गरम शेवेतून वाफ निघत असते. वरून गुळाचं आवरण घातलं की ती आतच अडकते आणि गूळ ओला करते. आल्याच्या रसाचंही तेच, तोही पाणीच. सुंठ वापरा.

तळकोकण | १३ जानेवारी, सकाळी ७.०५

हा विषय बघून राहवलं नाही. माझे आजोबा जत्रांना खाज्याचं दुकान लावायचे. कार्तिकापासून चैत्रापर्यंत एका गावाहून दुसऱ्या गावाला, आणि सुट्टीत मी त्यांच्याबरोबर. रात्री दशावतारी नाटक सुरू झालं की आमचा खरा धंदा. लोक पुडा घेऊन मांडवात बसायचे आणि पहाटे शेवटच्या युद्धापर्यंत कुडुमकुडुम चालायचं. आंगणेवाडीची जत्रा तर कुठल्या तिथीला बांधलेली नाही, देवीचा कौल झाला की तारीख ठरते, त्यामुळे आजोबा कौलाची बातमी यायच्या आधीच पीठ दळून ठेवायचे.

आता आमच्या घरची पद्धत सांगतो, घरगुती मापात.

चण्याची डाळ गिरणीतून किंचित जाडसर दळून आणा. पाकिटातलं बेसन फार मऊ असतं, तेच असेल तर त्यात चमचाभर रवा घाला. २५० ग्रॅम पिठाला हळद, मीठ आणि ३ मोठे चमचे तेल. तेल कडकडीत तापलेलं हवं, पिठावर ओतल्यावर फसफसलं पाहिजे. ते दोन्ही हातांनी पिठाला चोळा. मूठ बांधली तर राहिली पाहिजे आणि बोटाने दाबली की मोडली पाहिजे. मग पाणी थोडं थोडं, साधारण अर्धी वाटी. चकलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट.

सोऱ्याला जाड शेवेची चकती लावा. आच मध्यम. शेव टाकल्यावर तेल जोरात उसळलं तर आच जास्त आहे: वरून तांबूस होईल, आत ओली राहील आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडेल. लोक रंगावर काढतात, तिथेच फसतात. तेलाचा आवाज ऐका. शेवेतलं पाणी संपत आलं की बुडबुडे कमी होतात आणि आवाज बसतो. मग काढा. गरम असतानाच बोटाएवढे तुकडे करा.

यानंतर थांबायचं. आजोबा ओरडायचे, "शेव थंड जाल्याशिवाय पाकाक हात लावूचो नाय!" आम्ही शेव संध्याकाळी तळायचो आणि पाकात सकाळी घालायचो. घरी किमान दोन तास.

पाक: गूळ २०० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, पाणी पाव वाटी. अर्धी वाटी फार झाली. ते आटेपर्यंत गूळ करपायला लागतो. विरघळला की गाळून घ्या, गुळात कचरा असतोच. मध्यम आचेवर उकळा. वाटीभर गार पाण्यात थेंब टाकून बघत राहा. थेंब आधी पसरेल, मग मऊ गोळी होईल. बोटांत धरून आकार राहील पण दाबली की चपटी होईल अशी गोळी झाली की एक मिनिट अजून, आणि गॅस बंद. दीड चमचा सुंठ, चमचाभर भाजलेले तीळ घाला, शेव ओता आणि हलवायला लागा.

खरं काम हे हलवण्याचं. कालथ्याने खालून वर, खालून वर, पाच-सात मिनिटं न थांबता. आधी सगळं चकचकीत आणि चिकट दिसेल आणि वाटेल की बिघडलं. बिघडलेलं नसतं. हात चालू ठेवा. मग एकदम चमक जाईल, पाक धुरकट होईल आणि कांड्या एकमेकींपासून सुटायला लागतील. आजोबा दुकानात दोन माणसं लावायचे. एकाचा हात दुखला की दुसरा घ्यायचा, पण कालथा थांबायचा नाही.

म्हापशेंकार | १३ जानेवारी, सकाळी ९.२०

वाचून तोंडाला पाणी सुटलं. आमच्या गोव्यात खाजं जत्रेतही असतं आणि फेस्तातही, म्हणजे चर्चच्या सणातही. म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत खाजेकार रांगेने बसतात, आणि ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या फेरीत, म्हणजे तिथल्या बाजारातही, तेच लोक, तेच खाजं. देवळातून येणारा आणि इगर्जीतून येणारा, दोघेही घरी जाताना खाज्याचा पुडा घेतात. गोव्याच्या खाज्याला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा मला फार आनंद झाला. हे कष्ट घरोघरच्या बायकांनी आणि पुरुषांनी पिढ्यान् पिढ्या केलेत.

एक भर: आल्याची खरी चव हवी असेल तर आलं किसून कडक उन्हात वाळवा आणि पूड करा. दुकानातल्या सुंठीपेक्षा वास वेगळाच येतो.

घाटमाथा | १३ जानेवारी, सकाळी १०.०२

मला वाटलं होतं खाजं म्हणजे ते पदरांचं, मैद्याचं.

म्हापशेंकार | १३ जानेवारी, सकाळी १०.१५

ते वेगळं. पुरीला जगन्नाथाच्या प्रसादात मिळतं ते आणि बिहारमधल्या सिलावचं, ते मैद्याच्या पदरांचं. नाव सारखं, जिन्नस निराळा. आपलं बेसनाच्या कांडीचं.

सिद्धेश्वरतळं | १३ जानेवारी, दुपारी १.४४

आमच्या सोलापूरला याच्या भावंडाला गुडीशेव म्हणतात. गड्ड्याची जत्रा आत्ता संक्रांतीला सुरूच होतेय. कोकणातल्यापेक्षा आमची शेव बारीक आणि गूळ जास्त काळपट. पाकाची अडचण मात्र तीच, मी दोन वर्षं झगडलो. शेवटी कढईऐवजी परात वापरली. पाक तयार झाला की परातीत शेव पसरायची, वरून पाक ओतायचा आणि दोन कालथ्यांनी कोशिंबिरीसारखं वरखाली करायचं. गार परातीत पाक लवकर उष्णता सोडतो आणि लवकर सुटा होतो.

गड्ड्यातली जिलेबी कुणाला घरी जमलीय का? माझी चवीला सपक होते. पाकिटावर लिहिलं होतं तसा सोडा घालून लगेच केली होती.

मूलद्रव्य | १३ जानेवारी, दुपारी ४.१०

सोड्याने जाळी पडते, आंबटपणा येत नाही, आणि जिलेबीचा जीव त्या आंबटपणात आहे. २५० ग्रॅम मैदा, २ चमचे बेसन, २ चमचे आंबट दही, पाणी घालून भज्यांच्या पिठापेक्षा थोडं सैल भिजवा आणि झाकून रात्रभर ठेवा. थंडीत १८ ते २४ तास लागतात. वर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास आला की तयार. पाक एकतारी, थर्मामीटर असेल तर १०४-१०५ अंश. या पाकात मात्र लिंबू घाला.

जिलेबी कढईत नको, पसरट तव्यात किंवा तईत करा. तूप इंचभरच. खोल कढईत वेटोळी बुडतात आणि तरंगत वर येताना सुटतात. जत्रेतला माणूस जाड फडक्याला शर्टाच्या काजासारखे टाके घालून भोक करतो आणि त्यातून पीठ सोडतो. घरी दुधाच्या जाड पिशवीचा कोपरा कापून चालतो. तळून निघालेली जिलेबी गरम, पाक कोमट, अर्धा मिनिट बुडवा आणि काढा. जास्त ठेवली की कुरकुरीतपणा गेला.

डॅलसवासी | १३ जानेवारी, रात्री ८.५५

इथे टेक्सासच्या राज्य जत्रेत सप्टेंबर-ऑक्टोबरला फनेल केक मिळतो, तो बघून मला प्रत्येक वेळी जिलेबीच आठवते. अंडं, दूध, मैदा, बेकिंग पावडर यांचं पातळ पीठ नरसाळ्यातून गरम तेलात वेटोळं सोडतात आणि वरून पिठीसाखर भुरभुरतात. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या लोकांचा हा पदार्थ. घरी करणं सोपं, आंबवायचं नसल्याने अर्ध्या तासात होतो. तेल १९० अंशांच्या आसपास लागतं, खाज्यासारखं मध्यम चालत नाही. मुलांना आवडतो. मला मात्र खाजंच हवं असतं.

इथल्या विजेच्या चुलीवर आच पटकन कमी होत नाही, म्हणून मी पाकासाठी थर्मामीटर घेतला. गोळीबंद पाक ११८ अंशांवर उतरवते. ११२ ला उतरवला तेव्हा ओलसर राहिला, १२५ ला दगड झाला. ज्यांना गोळीचा अंदाज येत नाही त्यांनी हा खर्च जरूर करावा.

पोळीभाजी | १३ जानेवारी, रात्री ९.३०

टणक नको असेल तर पिठात पाव चमचा खायचा सोडा घाला. आमच्याकडे घालतात.

तळकोकण | १३ जानेवारी, रात्री ९.४८

ताई, आमच्याकडे सोडा कधीच घातला नाही आणि मी घालू नका असंच सांगेन. सोड्याने शेव पोकळ होते, तेल पिते आणि वरचा गूळ चार दिवसांत तेलकट दिसायला लागतो. मऊ हवं असेल तर मोहन वाढवा आणि शेव बारीक करा. सांजवातताई, आत्याबाईंसाठी मोहन ३ ऐवजी ४ चमचे करून मधल्या चकतीने पाडा. पाच चमच्यांवर जाऊ नका, शेव तेलात विरघळते.

पोळीभाजी | १३ जानेवारी, रात्री १०.०५

आमची लगेच संपते म्हणून तेलकटपणा कधी लक्षात आला नसेल. पुढच्या वेळी अर्ध्या पिठात घालून, अर्ध्यात न घालता बघते.

झुळूक | १४ जानेवारी, सकाळी ६.५०

सगळ्यांना कळकळीची विनंती. पाक करताना लहान मुलांना ओट्याजवळ येऊ देऊ नका. गेल्या वर्षी माझ्या हातावर गुळाच्या पाकाचा मोठा थेंब उडाला. उकळतं पाणी ओघळून जातं, पाक कातडीला चिकटून भाजत राहतो. मी घाईने तो ओढून काढायला गेले आणि कातडी सोलली गेली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली हात वीस मिनिटं धरायला हवा होता. बर्फ नको, तूप नको, टूथपेस्ट नको. डाग अजून आहे. तसंच सोऱ्यात पीठ भरताना दाबून भरा, मधे हवा राहिली की तेलात फटकन उडतं.

तळकोकण | १४ जानेवारी, सकाळी ७.१५

झुळूकताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. आजोबांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत असे डाग होते. लहानपणी आम्हाला वाटायचं, खाजं करणाऱ्यांचे हात असेच असतात.

सांजवात | १८ जानेवारी, रात्री ९.२२

तिसरा घाणा आज केला. जाडसर पीठ मिळालं. शेव दुपारी तळली, आवाज बसेपर्यंत थांबले. पहिल्यांदाच तो फरक कानाला कळला. पाक संध्याकाळी. लिंबू नाही, रस नाही, सुंठ घातली.

हलवताना तिसऱ्या मिनिटाला वाटलं की संपलं, पुन्हा ढेकूळ होणार. तळकोकण यांचं वाक्य आठवून हात थांबवला नाही. पाचव्या मिनिटानंतर चमक गेली! माझ्या डोळ्यांसमोर गूळ धुरकट झाला. साधारण तीन भाग छान सुटे झाले. एक भाग मात्र कढईच्या तळाला चिकटून गुच्छ झाला.

सिद्धेश्वरतळं | १८ जानेवारी, रात्री ९.४०

अभिनंदन! तळाला लागलं म्हणजे कढई गरमच राहिली. पुढच्या वेळी परात करा.

मूलद्रव्य | १८ जानेवारी, रात्री १०.०८

वा. आणखी एक युक्ती: शेव पाकात घातल्यावर दोन मिनिटांनी चमचाभर घरची पिठीसाखर वरून भुरभुरा. ते तयार कण असतात, त्यांच्याभोवती बाकीची साखर पटापट जमते. दुधाला विरजण लावतो तसंच समजा. एकदम सुरुवातीला घालू नका, पाक फार गरम असताना ती विरघळून जाते.

सांजवात | २५ जानेवारी, दुपारी ४.३६

चौथा घाणा. मोहन ४ चमचे, मधली चकती, परात, दोन कालथे, दोन मिनिटांनी पिठीसाखर. साडेचार मिनिटांत सगळ्या कांड्या सुट्या. एकही गुच्छ नाही.

आत्याला ताटलीत चार दिल्या. तिने आधी एक कांडी हातात घेऊन अंगठ्याने गुळाचा थर खरवडून बघितला. मग तोंडात घातली, कवळीने तुटली. सुंठ कमी आहे म्हणाली. बाबांनी आणलेल्या खाज्याने डोळ्यांत पाणी यायचं, तशी हवी. मग उरलेल्या तीन संपवल्या आणि पुड्यात बांधून उशाशी ठेवायला आणखी मागितल्या.

पुढच्या वेळी सुंठ किती घेऊ? आणि हे किती दिवस टिकतं?

तळकोकण | २५ जानेवारी, संध्याकाळी ५.१०

अडीच चमचे घ्या, आत्याबाई बरोबर बोलल्या. मी माप लिहिताना शहरातल्या जिभेचा विचार करून कमी लिहिलं होतं. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा, थंडीत तीन आठवडे सहज राहतं. पावसाळ्यात करू नका, गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि दोन दिवसांत पाझरतो. आजोबांचं दुकानही चैत्रानंतर बंदच असायचं.

सांजवात | २५ जानेवारी, संध्याकाळी ५.२५

अडीच चमचे. लिहून ठेवलं. म्हापशेंकार यांनी सांगितलं तसं आलंही किसून आजपासून गच्चीत उन्हात टाकलंय.